ब्रेकच्या पिनेवरचे कुंकू

३० नोव्हेंबर १९८६, पहाटे साडेपाच. या वेळी मी शेडचे कुलूप काढले, गाडीचे डावे दार उघडले आणि ब्रेकच्या पेडलच्या वर, जिथे ते अंधारात जाते तिथे, टॉर्च धरला. तुमचे कुंकू तसेच होते.

वहिनी, तेरावे होऊन गेले. पाहुणे आपापल्या घरी परतले. तुमचा तांब्या कोणीतरी घासून उपडा ठेवला आहे. तो मी हलवलेला नाही. लोक रडत होते तेव्हा मी गच्चीच्या टाकीतले पाणी पाहायला गेलो होतो. टाकी भरलेली होती. माझा स्वभाव तुम्हांला ठाऊक असल्याने त्याविषयी अधिक लिहीत नाही.

आज सुलू गाडी न्यायला येणार होती. दादाची गाडी दादाच्या लेकीकडे जावी, हे तुमच्या हयातीतच ठरले होते. चारकोपला तिच्या घरासमोर जागा आहे, ती स्वतः चालवते, आणि मागच्या सीटवर तिची दोन्ही मुले बसणार. तेव्हा ब्रेकची पिन साफ केल्याशिवाय गाडी तिच्या हाती देता येत नव्हती. आणि पिन साफ करायची म्हणजे तुमच्या हाताचे शेवटचे कुंकू पुसायचे. टॉर्च धरून मी बराच वेळ तसाच वाकून बसलो. माझे गुडघे पाहता ते शहाणपणाचे नव्हते.

दादाने ती गाडी आणली तेव्हा मुलुंडच्या आपल्या इमारतीत कोणाकडे सायकलीपलीकडे काही नव्हते. कंपनीचा परदेशी साहेब मायदेशी परतला आणि जाताना आपली गाडी कार्यशाळेच्या प्रमुखाला, म्हणजे दादाला, देऊन गेला. गाडी कसली, गलबतच ते. स्टिअरिंग डाव्या बाजूला, आणि त्याच्या खाली एक लहानसा खटका. हमरस्त्याला लागल्यावर तो दाबला की गाडी धरलेला वेग सोडत नसे. ॲक्सिलरेटरवर पाय ठेवण्याची गरज उरत नसे. त्याचे परदेशी नाव आपल्या घरात एक दिवसही टिकले नाही. तुम्ही त्याला ‘आपोआप’ म्हणालात, आणि पुढे दादाही तेच म्हणू लागला.

पहिल्या फेरीला मी मागे बसलो होतो. दादाने खटका दाबला आणि अभिमानाने जाहीर केले, “पाय काढला बघ.”

“कशावरचा?” तुम्ही विचारलेत.

“दोन्हींवरचा. चालतेय की नाही?”

“अहो, पाय ठेवा आधी! मग हिला चालवतंय कोण?”

“तीच.”

“मग आपण घरी बसलो असतो तर काय बिघडलं असतं?”

दादा इतका हसला की गाडी मिठागरांच्या बाजूला झुकली. तुम्ही मात्र मुक्काम येईपर्यंत दोन्ही पाय फळीवर दाबून धरले होते, जणू ब्रेक तिथेच होता.

तुमची भीती घालवावी म्हणून दादाने दुसऱ्या दिवशी तुम्हांला चालकाच्या जागी खाली बसवून ती पिन दाखवली. अंगठ्याएवढा स्विच, त्यातून बाहेर येणारी पितळी पिन. एरवी पेडल तिला आत दाबून ठेवते. ब्रेकवर पाय पडला की पेडल दूर होते, पिन सुटून बाहेर येते, आणि एकाच वेळी दोन गोष्टी होतात: मागचे लाल दिवे लागतात आणि ‘आपोआप’ वेग सोडून देते. दादा शिकवायचा छान. मला ते कधी साधले नाही.

“म्हणजे आपल्याला थांबायचंय हे एवढ्याशा पिनेला कळतं?”

“हो. आणि मागच्याला तीच सांगते.”

त्या दसऱ्याला सगळे जण गाडीच्या बॉनेटवर स्वस्तिक काढतात तसे तुम्ही काढले नाही. पदर खोचलात, डोके खाली घातलेत आणि तेलात कालवलेले कुंकू थेट पिनेला लावून वर अक्षता वाहिल्यात. दादाने विचारले तेव्हा तुम्ही म्हणालात, “बॉनेट काय, दिसतं म्हणून सगळेच पुजतात. ही बिचारी कोणाला दिसते?”

दादा गेल्यावरचा पहिला दसरा मला नीट आठवतो. खाली अंगणात माणसे आपापल्या स्कूटरी धूत होती. गाडी मी धुतली होती, झेंडूची माळ घातली होती. तुम्ही ताट घेऊन जिन्यातून उतरलात आणि शेवटच्या पायरीवर थांबलात. कपाळ मोकळे होते. ताट माझ्याकडे केलेत.

“भावोजी, तुम्ही लावा.”

पहिल्या मजल्यावरच्या मनोरमाबाई कठड्याला टेकून उभ्या होत्या. त्या वरून म्हणाल्या, “हो गं बाई, त्यांनाच लावू दे. तू आपली जरा बाजूला हो.”

तुम्ही बाजूला झालात. तेवढ्यात मी म्हणालो, “मला वाकता येत नाही. गुडघे धरलेत. वहिनी, लावा तुम्ही.”

त्या वर्षी माझ्या गुडघ्यांना काहीही झालेले नव्हते. आदल्या दिवशी मी गाडीखाली झोपून तिचे तेल बदलले होते, आणि ते तुम्ही पाहिले होते. तुम्ही माझ्याकडे पाहिलेत. मग ताट माझ्या हातात दिलेत आणि आत वाकलात. लागायला हवा होता त्याहून बराच अधिक वेळ तुम्ही आत होतात. बाहेर आलात तेव्हा तुमच्या अनामिकेचे टोक लाल होते आणि मनोरमाबाई घरात निघून गेल्या होत्या.

त्यानंतर दरवर्षी दसऱ्याच्या दिवशी मला थोडे लंगडावे लागे.

आता त्या चेंबूरच्या फेरीविषयी. तिचा निकाल आपल्यात लागला नाही, म्हणून माझी बाजू इथे नोंदवून ठेवतो. दसरा नुकताच झाला होता. तुमच्या बहिणीकडे निघालो होतो. विक्रोळी मागे पडली, रस्ता रिकामा होता, मी ‘आपोआप’ लावले. तुम्ही मागे उजव्या खिडकीशी, नेहमीच्या जागी. डाव्या बाजूच्या स्टिअरिंगमुळे मला रस्ता अर्धाच दिसे. उरलेला अर्धा तुम्ही पाहून सांगत असा. “जावा,” म्हणालात की मी पुढच्याला मागे टाकत असे. “थांबा,” म्हणालात की थांबत असे. त्या दिवशी तुम्ही “थांबा” म्हणालात. पुढचा ट्रक अचानक मंदावला होता. मी ब्रेक दाबला आणि गाडी थांबेना. ब्रेक मागे खेचत होता, इंजिन पुढे ओढत होते, आणि मागून येणारी बस कर्कश भोंगा वाजवत अंगावर येत होती, कारण आपले दिवे लागलेच नव्हते. मी हाताने खटका बंद केला. ट्रकच्या फळीवरची धूळ दिसेल इतक्या अंतरावर गाडी थांबली.

बसचा चालक खिडकीतून अर्धा बाहेर आला. “ओ काका! पाठी लाइट हाय का नाय? आत्ता ठोकला असता ना!”

उत्तर तुम्ही दिलेत. “ठोकला नाहीत ना? मग ओरडता कशाला? जावा सावकाश.”

घरी येऊन मी पिन पाहिली. तेलकट कुंकवात भिजलेला अक्षतेचा एक दाणा तिच्या गळ्यात घट्ट बसला होता. पेडल दूर झाले तरी पिन बाहेर येत नव्हती. तो दाणा तळहातावर घेऊन मी स्वयंपाकघरात आलो.

“ह्या दाण्यामुळे आज आपण मेलो असतो.”

तुम्ही कढईतून मान वर केली नाही. “मेलो नाही. ब्रेकला कुंकू लावलं होतं म्हणून थांबली गाडी.”

“कुंकू लावले होते म्हणूनच थांबत नव्हती.”

“पण थांबली ना?”

“मी थांबवली.”

“तुम्हांला कोणी सांगितलं थांबायला?”

दोन्ही बाजूंकडे पुरावा एकच होता, तो म्हणजे थांबलेली गाडी. असा वाद मिटत नाही.

मी तडजोड सुचवली होती, हेही नोंदवतो. कुंकू लावायचेच तर खाली पेडलच्या रबरावर लावा, तिथे ते कशात अडकणार नाही. तुम्ही पळी खाली ठेवलीत. “पायाखाली? कुंकू? भावोजी, डोकं ठिकाणावर आहे ना?” तो विषय तिथे संपला. बंदी घालणे मला शक्य होते. गाडी मी चालवत होतो. पण जिन्याच्या शेवटच्या पायरीवर उभ्या असलेल्या तुम्ही मला दिसत होतात. बंदी घातली नाही.

त्याऐवजी व्यवस्था लावली. दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुम्ही उठण्याआधी मी खाली जात असे, काडीला चिंधी गुंडाळून रॉकेलमध्ये बुडवत असे आणि पिन लख्ख करत असे. परंतु ब्रेकचे दिवे एकट्याला तपासता येत नाहीत. एकाने पाय द्यावा लागतो आणि एकाने मागे उभे राहावे लागते. म्हणून चहा झाला की मी म्हणे, “दिवे बघायचे आहेत.” कशाला, हे तुम्ही कधी विचारले नाही. शेडच्या बाहेर, गाडीच्या मागे कुंपणाच्या भिंतीला पाठ लावून उभ्या राहत असा आणि इमारतीला जाग येईल अशा आवाजात सांगत असा, “लागला! विझला! लागला!” मला पुढे बसून फक्त तुमचा आवाज ऐकू येई. तेवढा पुरे होता.

‘आपोआप’ मी पुन्हा वापरले नाही. हमरस्त्याला लागलो की तुम्ही मागून डिवचत असा, “काय भावोजी, आज आपोआप नाही?” पाय ॲक्सिलरेटरवर आहे ना, याची ती खात्री असे, हे मला समजत होते.

गाडी म्हातारी झाली. पिनेमागची स्प्रिंग ढिली पडली. कधी दिवे लागत नसत, कधी लागले की विझत नसत. घाटकोपरच्या गॅरेजवाल्या उस्तादांनी एकदा स्विच उलटसुलट पाहून मान हलवली. “साहेब, ये इधर मिलेगा नहीं. गाडी निकाल डालो.”

तुम्ही मागच्या खिडकीची काच खाली केलीत. “स्विच मिळत नाही म्हणून गाडी काढायची? भावोजींचे गुडघेही बाजारात मिळत नाहीत. त्यांनाही काढू?”

उस्ताद काम सोडून हसत बसले. मी हसलो नाही. नंतर घरी, दाढी करताना, हसलो.

त्या स्विचमध्ये बॉलपेनातली स्प्रिंग कापून बसवली. ती आजही चालते.

यंदाच्या दसऱ्याला तुम्ही खाली येऊ नये, असे सुलू फोनवर दोनदा म्हणाली. तुम्हांला चार पावलांवर दम लागत होता. तुम्ही तिला “बरं” म्हणालात, फोन ठेवलात आणि ताट करायला घेतलेत. जिन्यात प्रत्येक वळणावर बसत खाली उतरलात. ताट मी धरले होते. गाडीच्या दारापाशी तुम्ही माझ्या पायांकडे पाहिलेत.

“भावोजी, आता तरी खरंच दुखतात ना?”

पहिल्या वर्षापासून माहीत असलेले तुम्ही त्या दिवशी पहिल्यांदा बोलून दाखवलेत.

“आता खरेच दुखतात,” मी म्हणालो.

“मग बरं झालं.” तुम्ही हसलात, आणि हसण्यानेही तुम्हांला धाप लागली.

चालकाच्या जागी तुम्ही आडव्या बसलात, पण हात वर पिनेपर्यंत पोहोचेना. दोनदा गेला, दोनदा खाली आला. कुंकू बोटावर वाळू लागले. तेव्हा मी ताट टपावर ठेवले, खाली बसलो आणि तुमचे मनगट धरून हात वर नेला. एका घरात इतकी वर्षे राहिलो. तुमचा हात मी तेवढाच एकदा धरला. मनगट फार हलके होते. तुम्ही बोट टेकवलेत आणि म्हणालात, “लागलं.”

दुसऱ्या दिवशी मी रॉकेल घेऊन खाली गेलो नाही. गाडी निघणार नव्हती, डॉक्टर घरी येत होते, घाई नव्हती. कारण एवढेच होते असे मी तेव्हा स्वतःला सांगितले.

मग ती दुपार. मी तुम्हांला मोसंब्याचा रस देत होतो. तुम्ही दोन घोट घेतलेत आणि माझा हात नाकाशी नेऊन वास घेतल्यासारखे केलेत.

“यंदा पुसलं नाहीत.”

“काय?”

“पिनेवरचं. दरवर्षी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी तुमच्या हाताला रॉकेलचा वास येतो. मी काय नाक गहाण टाकलंय?”

मी पेला खाली ठेवला. “नाही पुसले.”

“पुसा. सुलू नेणार गाडी. मागं पोरं बसणार.”

“पुसतो.”

थोडा वेळ तुम्ही डोळे मिटून पडलात. झोप लागली असे वाटले. मग डोळे न उघडता, रागावलात की बोलत असा त्या मालवणीत, म्हणालात, “पण त्या दिवशी गाडी थांबली ती कुंकवानच, ह्यां खरां.”

उत्तर माझ्याकडे तयार होते. नेहमीचेच. मी ते दिले नाही. दिले असते तर तुम्ही त्यावर आणखी काही बोलला असतात, हे मला नंतर सुचले.

तर आज पहाटे मी ते पुसले. आधी कोरड्या चिंधीने, मग रॉकेलने. कुंकू वाळून काळपट झाले होते, तरी चिंधीवर लालच उतरले. अक्षतेचा दाणा यंदाही गळ्यात होता. तो सुईने काढून तुळशीत टाकला. पिन बोटाने दाबून पाहिली. सुटते आहे. ‘आपोआप’ची तार सोडवली, तिच्या टोकाला चिकटपट्टी गुंडाळली आणि ती बाजूला बांधून ठेवली. सुलूने पाय पेडलवरच ठेवावा. पाय ठेवा आधी, हे तुम्ही पहिल्या दिवशी म्हणाला होतात. तेवढे मला मान्य आहे.

दिवे तपासायचे राहिले. त्याला माणूस हवा होता. मी वर जाऊन चहा केला, सवयीने दोन कपांचा, आणि सुलूची वाट पाहिली.

ती नऊच्या सुमारास आली. डोळे सुजलेले होते, पण तुमच्यासारखीच आल्याआल्या कामाला लागली. चालकाच्या जागी बसून तिने वाकून वर पाहिले.

“काका, आईचं कुंकू?”

“पुसले.”

ती रागावेल असे वाटले होते. रागावली नाही. स्टिअरिंगवर दोन्ही हात ठेवून म्हणाली, “आई म्हणायची, तुझे काका ती पिन एरवी कशाला बघतील? मी कुंकू लावते, म्हणून ते वर्षातून एकदा ती काढून, पुसून, दिवे तपासून ठेवतात. मी लावायचं बंद केलं तर एक दिवस गाडी थांबायचीच नाही.”

“असे म्हणाल्या?”

“दरवर्षी म्हणायची. तुम्हांला सांगू नको म्हणायची.”

वहिनी, कारखान्यात मी आयुष्यभर तपासनीस होतो, आणि माझी तपासणी कोण लावत होते हे मला आज कळले. चेंबूरच्या रस्त्यावर गाडी कशाने थांबली, याविषयी माझे मत बदललेले नाही. त्यानंतरच्या सगळ्या वर्षांत ती कशाने थांबत राहिली, तो वाद तुम्ही जिंकलात.

मी सुलूला म्हणालो, “दिवे बघायचे आहेत. ब्रेक दाब.” आणि मागे गेलो. भिंतीला पाठ लावून उभा राहिलो. तिथला चुना तुमच्या पाठीने गुळगुळीत झाला आहे.

दिवे लागले. दोन्ही.

“काका? लागला का?”

“लागला.”

“काय?”

“लागला!” मी ओरडलो. मनोरमाबाई कठड्याशी आल्या. “विझला! लागला!”

सुलूने गाडी बाहेर काढली. तिने मला दाराशी बोलावून दसऱ्याला चारकोपला यायला सांगितले. कुंकू ती लावील, पुसायचे मी. गुडघ्यांचे पाहू, असे मी म्हणालो. मग ती निघाली. फाटकापाशी एक भाजीची हातगाडी आडवी आली, तिने ब्रेक दाबला आणि दोन्ही लाल दिवे लागले. हातगाडी गेली, दिवे विझले, गाडी वळली.

मी शेडमध्ये परतलो. काडी, चिंधी आणि रॉकेलची बाटली उचलून फळीवर, पुढच्या वर्षी हाताला लागेल अशी ठेवली, आणि रिकाम्या शेडला कुलूप लावले.